करडा टॅग

मागच्या पावसाळ्यात बाबा स्कूटरवरून घसरले. मनगट सुजलं, कोपर सोललं. एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आम्ही पाऊण तास बसून होतो आणि आमच्यानंतर आलेल्या एका माणसाला थेट आत नेलं. मी काउंटरवर जाऊन भांडलो, "आम्ही आधी आलोय!" सिस्टरनी बाबांच्या कागदावरच्या हिरव्या स्टिकरवर बोट ठेवलं. "हिरवा आहे ना? मग चांगलंच आहे की."

त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये मी रोज सकाळी बग ट्रायाज करत होतो. हा पी-वन, हा पुढच्या स्प्रिंटमध्ये, हा 'वोन्ट फिक्स'. आधी आला म्हणून कुठल्याही बगला मी आधी हात लावला नव्हता. बाबांच्या बाबतीत मात्र मला रांग हवी होती.

ट्रायाज हा मूळ फ्रेंच शब्द. अर्थ साधा: निवडणं, प्रतवारी करणं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे जखमीचा हुद्दा न बघता जखम किती गंभीर आहे ते बघायचा. पुढे 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने आणि होग हॉस्पिटलने 'स्टार्ट' ही पद्धत बसवली. मोठा अपघात झाला की आधी हाक द्यायची: ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या बाजूला जा. ते हिरवे. उरलेल्या प्रत्येकापाशी मिनिटभरही थांबायचं नाही. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त, लाल. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला 2 सेकंदांपेक्षा जास्त लागले, लाल. साधी सूचना पाळता येत नाही, लाल. यातलं काहीच नसेल तर पिवळा. श्वासच नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून बघायचा. तरीही नाही, तर काळा. आणि पुढे जायचं.

लालपर्यंत सगळं पटतं. ज्याला जास्त गरज, त्याला आधी. पण काळ्यापाशी हे तत्त्व उलटं होतं. सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्यालाच काही मिळत नाही. हाच माणूस रस्त्यावर एकटा पडलेला असता, तर अख्खी टीम त्याच्या छातीवर सीपीआर देत राहिली असती. म्हणजे काळा टॅग त्या माणसाच्या शरीराबद्दल जितकं सांगतो, तितकंच त्या क्षणी हजर असलेल्या हातांबद्दलही सांगतो. हे न्याय्य आहे का?

मला वाटतं, आहे. नियम आधी, शांतपणे ठरलेला नसेल तर मदत कुणाला मिळेल? ज्याचा नातेवाईक जास्त ओरडतो त्याला. त्या दिवशी तो नातेवाईक मी होतो. आपल्याला कुठला रंग मिळणार हे माहीत नसताना नियम निवडायला सांगितला, तर मीही हाच निवडेन, कारण त्यात माझ्या वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

पण हा युक्तिवाद अपघाताच्या आधीच चालतो. काळ्या टॅगशेजारी बसलेल्या आईला तो ऐकवायचा अधिकार मला नाही. नियम बरोबर असू शकतो आणि तरीही त्या आईचं काहीतरी देणं शिल्लक राहतं.

हे देणं शब्दांतही उतरलेलं दिसतं. 'स्टार्ट'मध्ये मेलेला आणि वाचवता न येणारा, दोघांनाही काळाच टॅग. नंतर अमेरिकेतच तयार झालेल्या 'सॉल्ट' पद्धतीने हे दोघे वेगळे केले. काळा फक्त मृतांसाठी. जो जिवंत आहे, पण आत्ताच्या साधनांत वाचणं कठीण, त्याला करडा. करड्याचा अर्थ, सध्या थांबा. हात मोकळे झाले, जादा गाड्या आल्या की परत येऊन बघायचं. तोवर जमेल तसं दुखणं कमी करायचं. निवड तीच, पण तो माणूस जिवंतांच्या यादीत राहतो.

आमच्या टिकेटिंग सिस्टिममध्ये करडा रंग नाही. 'वोन्ट फिक्स' म्हटलं की टिकेट बंद, परत कुणी उघडत नाही. बगच्या बाबतीत ठीक आहे. पण 'आत्ता जमत नाही' आणि 'संपलं' यांतला फरक माणसांच्या बाबतीतही मी किती वेळा पुसलाय, हे आठवून बघतोय.

त्या पाऊण तासात सिस्टर दोनदा येऊन बाबांची बोटं हलवायला सांगून गेल्या होत्या. भांडताना हे माझ्या लक्षातच नव्हतं. घरी आल्यावर बाबांनी सांगितलं.