ताऱ्यांची मोजदाद

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेस, नवाब जफर जंग नामक एक सरदार होता. तारे पाहणे हा त्याचा धंदा नव्हे. परंतु आवड अशी की, त्याने विलायतेहून १५ इंची दुर्बीण आणविली व १९०१ साली वेधशाळा स्थापिली. १९०७ साली तो मरण पावला. ती दुर्बीण कायमची बसविली गेली १९२२ साली. तथापि सरकारने वेधशाळा चालविली, आणि तेथे दुसऱ्या यंत्राने छायाचित्रे घेऊन सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदिली गेली.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्या. ज्या नक्षत्रांस लोक भितात, ती मनुष्याने कागदावर मांडली. ती निर्मिलेली आहेत, निर्माणकर्ती नव्हेत. स्तोत्र १४७ ज्याला ताऱ्यांचा गणणारा म्हणते, त्याचेच भय धरा. आणि वाडीवर चार मुलांस अक्षरे शिकविणाऱ्या उपदेशका, फळ तुझ्या डोळ्यांदेखत न आले म्हणून खचू नको. आज रात्री अंगणात उभा राहा, आणि वर पाहा.