पाहुण्याचा शेजारधर्म

थाई भाषेत शेजाऱ्याला ‘फुअन बान’ म्हणतात; शब्दशः अर्थ, घराचा मित्र. परक्या माणसाला मात्र तेथे निराळी नावे आहेत. तो गोरा असेल तर ‘फरंग’. आपल्या ‘फिरंगी’चाच हा भाऊबंद, गंमत म्हणजे पेरूलाही तेथे हेच नाव. आणि तो भारतीय असेल तर ‘खॅक’, म्हणजे पाहुणा. या शब्दाला कधीकधी हिणवण्याचा वास येतो हे खरे. परंतु मूळ अर्थ पाहुणा हाच.

कायदाही परक्याला पाहुणाच मानतो. सर्वसाधारणपणे त्याला जमिनीची मालकी मिळत नाही. निवृत्तीनंतर तेथे राहू इच्छिणाऱ्याचे वय किमान ५० असावे लागते, बँकेत ८ लाख थाई बात किंवा दरमहा ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते, आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. ईशान्येकडील इसान भागातल्या खेड्यांत स्थानिक स्त्रियांशी विवाह करून राहिलेले अनेक युरोपीय याच अटींवर आयुष्याची संध्याकाळ घालवीत आहेत. वाटेत भेटणारा गावकरी त्यांना ‘भात खाल्लात का?’ असे विचारतो. हा केवळ नमस्कार असतो, हे कळायला काही दिवस जातात.

असा कायमचा पाहुणा शेजारधर्म पाळू शकतो काय?

याचे उत्तर त्याच शब्दात दडलेले आहे. भाताच्या कापणीला सारे गाव एकमेकांच्या शेतात राबे, त्या प्रथेला ‘लोंग खॅक’ म्हणतात. आज ज्याच्या बांधावर मी पाहुणा, तोच उद्या माझ्या बांधावर पाहुणा. मजुरी नाही, यजमानाने जेवू घालायचे आणि आपली पाळी आली की अंग मोडून ऋण फेडायचे. म्हणजे पाहुणेपण आणि शेजार यांत विरोध नव्हता. विरोध आला तो पैशाने. आता कापणीयंत्रे भाड्याने मिळतात आणि ही प्रथा बरीचशी ओसरली आहे. तेव्हा सारा दोष परदेशी माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

तरीही त्याची अडचण वेगळी आहे. त्याच्यापाशी पैसा आहे आणि कुणाचे काही ठेवून घेण्याची त्याला सवय नाही. शेजारणीने पपई दिली की तो तत्काळ काहीतरी महागडे परत करतो आणि सुटतो. त्याला हे सौजन्य वाटते. मला वाटते, शेजारणीच्या दृष्टीने हा हिशेब बंद करणे आहे. ऋण काही काळ अंगावर वागवणे ही देखील एक नम्रता आहे, आणि सधन माणसाला ती देण्याहून अवघड जाते.

गावात मृत्यू झाला की हा प्रश्न अधिक टोकदार होतो. अंत्यविधी अनेक दिवस चालतो. बायका स्वयंपाकाला जमतात, येणारा प्रत्येकजण पाकिटातून पैसे देतो, आणि कोणी किती दिले हे वहीत लिहिले जाते. परक्याला हे व्यवहारी वाटते. परंतु ती वही परतफेडीसाठी असते. त्या घरी प्रसंग आला की तितकेच घेऊन जायचे. अशा वेळी एखाद्याने उदारपणे दसपट रक्कम दिली, तर वही लिहिणाऱ्याने ती कोणत्या भरवशावर लिहावी? त्यापेक्षा रात्री मांडवात बसणाऱ्यांबरोबर बसावे, सकाळी भांडी घासू लागावे. त्याची नोंद वहीत होत नाही, पण गाव ती ठेवते.