आलंबनाविना भाव

भावना ही नेहमी कशाविषयीची तरी भावना असते. तो विषय निश्चित करणारी कल्पना संगीताला मांडता येत नाही, म्हणून विशिष्ट भावनांचे चित्रण हे संगीताचे कार्यच नव्हे, असे प्रतिपादन एडुअर्ड हान्स्लिकने १८५४ मध्ये केले. रॉक संगीतातून निघालेल्या आणि १९९४ मध्ये सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने ‘पोस्ट-रॉक’ या संज्ञेने रूढ केलेल्या प्रवाहाने ही भूमिका पुन्हा कसोटीला लावली आहे. येथे बहुधा शब्द नसतात. गिटारवरचा एखादा लहानसा स्वरसमूह संथपणे पुनरावृत्त होतो, नादाचे थर चढत जातात, शिखर गाठतात आणि ओसरतात. श्रोता गहिवरतो, परंतु कशाने, हे त्याला सांगता येत नाही.

रससिद्धान्ताच्या परिभाषेत बोलायचे तर येथे उद्दीपन विपुल आहे, आलंबन मात्र अनुपस्थित आहे. ती रिकामी जागा श्रोता स्वतःच्या शोकाने वा आशेने भरतो. याला साधारणीकरण म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. साधारणीकरणात शकुंतलेचे दुःख तिच्यापुरते उरत नाही, तसेच प्रेक्षकापुरतेही उरत नाही. येथे मात्र निर्वैयक्तिक नाद ज्याच्या त्याच्या खासगी दुःखाला जाऊन चिकटतो.

नैतिक प्रश्न उद्भवतो तो येथेच, कारण रिकामी जागा कोणालाही बळकावता येते. टेक्ससमधील ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ या वाद्यवृंदाची ‘युअर हँड इन माइन’ ही रचना २००३ च्या ध्वनिमुद्रिकेत कोणत्याही कथेशी बांधलेली नव्हती. २००४ मध्ये ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या चित्रपटात ती एका शालेय अमेरिकन फुटबॉल संघाच्या कथेची सोबती झाली. माँट्रिअलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ने वेगळा मार्ग धरला. २००२ च्या ‘यान्की यू.एक्स.ओ.’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांनी बड्या संगीत-कंपन्यांचे शस्त्रोद्योगाशी लागेबांधे असल्याचे सांगणारा आराखडा छापला. म्हणजे संतापाचा विषय नादाबाहेरून, कागदावरून पुरवावा लागला.

मग हा भाव खोटा ठरतो काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गहिवरालाच आकलन मानले जाते, तेव्हा तो भाबडेपणाकडे झुकतो. कशासाठी शोक करावा हे हे संगीत सांगत नाही. शोक करण्याची क्षमता अद्याप शाबूत आहे, एवढी साक्ष ते देते. ती क्षमता कोणाच्या हाती सोपवायची, याचे उत्तरदायित्व श्रोत्यालाच स्वीकारावे लागते.