शाबितीचे ओझे कोणावर?

उज्जयिनीस महाकालाला भांगेचा शृंगार चढतो आणि त्या दर्शनास इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतून लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच झाडाचा फुलोरा मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा ठरतो आणि तो जवळ बाळगणे हा अपराध होतो. नुसती पाने व बी गांजाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. एकाच रोपट्याचा एक भाग देवापुढे, तर दुसरा आरोपपत्रात! तेव्हा एखाद्या वनस्पतीला पवित्र किंवा निषिद्ध म्हटल्याने तिचे गुणदोष ठरत नाहीत, एवढे तरी आपण अनुभवाने मान्य करावे.

हे आठवण्याचे कारण अमेरिकेत चाललेला एक वाद होय. व्हिएतनाम, इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांतून परतलेल्या कित्येक सैनिकांचे युद्ध घरी आल्यावरही संपत नाही. डोळा लागला की तोच स्फोट पुन्हा होतो. दार आपटले तरी छाती धडधडू लागते. बायकामुलांत बसूनही माणूस एकटा राहतो. १९८० साली तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या व्याधीस स्वतंत्र नाव दिले. आपण तिला आघातोत्तर तणावविकार म्हणतो. या पीडितांपैकी काहींचे म्हणणे असे की, गांजाने आम्हांस झोप लागते, तेव्हा तो आम्हांस औषध म्हणून मिळावा. न्यू मेक्सिको राज्याने २००९ साली या विकारासाठी तशी मुभा दिली. पुढे इतर अनेक राज्यांनी दिली. परंतु १९७० च्या संघीय कायद्याने गांजाला पहिल्या परिशिष्टात, म्हणजे मान्य वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांत, बसविले होते. राज्य हो म्हणे, संघराज्य नाही म्हणे. आणि मध्ये तो जागा माणूस.

येथे नैतिक प्रश्न कोणता? आम्हांस तो आमच्या व्यवसायातील एका जुन्या नियमाने उलगडतो. जो विधान करतो, त्यानेच ते शाबीत करावे. या वादात विधाने दोन आहेत.

पहिले सरकारचे: या पदार्थास औषधी उपयोग नाही. हे म्हणावयाचे, तर निदान तपासास वाट मोकळी ठेवावयास हवी होती. तसे झाले नाही. १९६८ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, संशोधनासाठी कायदेशीर गांजा पिकविण्याचा अधिकार अमेरिकेत एकट्या मिसिसिपी विद्यापीठाच्या शेताकडे होता. साक्षीदारास दाराशी अडवून ठेवावयाचे आणि आत दावा पुराव्याअभावी काढून टाकावयाचा, ही न्यायाची रीत नव्हे.

दुसरे विधान गांजाच्या पुरस्कर्त्यांचे: हा बरे करतो. त्यांनाही शाबितीतून सूट नाही. या विकाराच्या माजी सैनिकांवर केलेला एक काटेकोर प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ८० जणांस तीन आठवडे निरनिराळ्या प्रतीचा गांजा किंवा त्याची निष्प्रभ प्रतिकृती ओढावयास दिली होती. बहुतेकांस थोडे बरे वाटले. पण ज्यांस खोटा गांजा मिळाला त्यांसही वाटले, आणि दोहोंतील फरक निर्णायक ठरला नाही. २०२३ साली अमेरिकेच्या माजी सैनिक व संरक्षण खात्यांनी मिळून काढलेल्या वैद्यकीय मार्गदर्शिकेने या विकारासाठी गांजा वापरू नये असाच सल्ला दिला आणि बोलण्यातून, आठवणीस क्रमाक्रमाने सामोरे नेण्यातून होणारे उपचार पुढे ठेवले. शिवाय नित्य सेवन थांबविले की झोप मोडते व स्वप्ने अधिक उग्र होऊन परततात, हेही माहीत आहे. झोप उसनी मिळाली, तर व्याजही द्यावे लागते.

कोणी विचारील, आज रात्री ज्याला झोप नाही, त्याने पुढल्या दशकातील निष्कर्षाची वाट का पाहावी? आक्षेप खरा आहे. म्हणूनच आमचे म्हणणे एवढे की, शाबितीचे ओझे सरकारने वाहावे, वैद्याने वाहावे, विकणाऱ्याने वाहावे. आजाऱ्याच्या पाठीवर ते टाकू नये. तो गांजा घेत असेल तर त्याला अपराधी न ठरविता खरे सांगू द्यावे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या खात्याने, गांजा घेतो म्हणून कोणाचे लाभ बंद होणार नाहीत, असे धोरण ठेवले, ते आम्हांस योग्य वाटते. मात्र खरे ऐकून घेतल्यावर त्यालाही खरे सांगावे. करुणेपोटी दिलेले खोटे आश्वासन ही फसवणूकच असते.

शांतिपर्वाचा आरंभ आठवावा. युद्ध जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणून वनाची वाट धरू पाहतो. त्याला कोणी विस्मृतीचा पेला दिला नाही. भाऊ बोलले, द्रौपदी रागावली, व्यास आले, कृष्ण त्याला शरशय्येवरील भीष्मांकडे घेऊन गेला, आणि सारे त्याच्याजवळ थांबले. औषध नकोच, असा याचा अर्थ आम्ही काढीत नाही. औषध देणे अथवा नाकारणे एवढ्याने, ज्यांच्यासाठी तो लढला त्यांचे ऋण फिटत नाही, एवढाच काढतो.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि या सीमाभागातील कित्येक घरांतून मुलगे फौजेत गेले आहेत. उत्सवात बार उडताच दचकून सभामंडपातून उठून जाणारा एखादा वयस्क गृहस्थ आपल्याही देवळात असू शकेल. तो काय घेतो, हे विचारण्याआधी तो रात्री झोपतो का, हे आपण विचारावे.