जोडीने जायचं राहिलं होतं

१४ नोव्हेंबर २०२० ला, ऐन दिवाळीत, राज्यातली प्रार्थनास्थळं पाडव्यापासून उघडणार असल्याची घोषणा झाली. सोमवारी १६ तारखेला तुळजापुरात तुळजाभवानी मंदिराचं महाद्वार भाविकांसाठी उघडलं. मार्चच्या मध्यापासून, जवळपास आठ महिने, कोरोनामुळे ते बंद होतं. मधलं शारदीय नवरात्रही भाविकांविना पार पडलं. बलिप्रतिपदेचा पाडवा हा नवरा-बायकोचा सण. बायको ओवाळते, नवरा ताटात ओवाळणी टाकतो. लग्न होऊनही कुलदेवीच्या पायऱ्या न उतरलेल्या जोडप्यांसाठी नेमक्या त्याच दिवशी वाट मोकळी झाली.

मराठवाड्यात लग्न मांडवात लागतं, पण पुरं होतं ते कुलदैवताला जाऊन आल्यावर. अंगावरची हळद ओली असतानाच निघायचं, अशी रीत. तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी, ती घरं तुळजापुरात आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याकडे उतरतात. गोमुख तीर्थावर हातपाय धुवायचे, उपरण्याला पदराची गाठ मारून जोडीने दर्शनाला उभं राहायचं, खण-नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, बांगड्यांनी देवीची ओटी भरायची. पुरणाचा नैवेद्य दाखवायचा. मग घरी येऊन संबळाच्या तालावर गोंधळ. तोवर सून ‘नवी’च असते. देवीच्या पायावर डोकं ठेवून आली की ती घराची होते, असं जुन्या बायका आजही म्हणतात.

या प्रवासाची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. महाबळेश्वर किंवा गोव्याला जाऊन येणं खेड्यांत आता आता कुठे रुळतंय. पिढ्यान् पिढ्या तरुण जोडप्याला एकत्र घराबाहेर पडायला मिळायचं ते देवाच्याच कारणाने. कळंबकडचं जोडपं असेल तर वाटेत येरमाळ्याला येडेश्वरी, पुढे येडशी, धाराशिव, मग तुळजापूर. दर्शन लवकर उरकलं आणि कुणाच्या मनात आलं, तर नळदुर्गही. बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला तिथला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला पावसाळ्यात गर्दी लोटते. जीपमध्ये सासू, नणंद, धाकटा दीर, करवली असा सगळा मेळा असतो. तरी शेजारी बसलेल्या माणसाशी चार शब्द बोलायला मिळतात, त्याला गाडी लागते की नाही, तिला चहा चालतो की नाही, हे त्याच दिवशी कळतं. दोन अनोळखी माणसांची ओळख व्हायला समाजाने राखून ठेवलेला हा एक दिवस आहे, आणि त्याचं मोल श्रद्धेच्या मोलापेक्षा कमी नाही.

टाळेबंदीत लग्नं थांबली नाहीत, फक्त आकसली. २०२० ची अक्षय्यतृतीया २६ एप्रिलला आली आणि गेली. पुढे पन्नास माणसांची मुभा मिळाली तेव्हा दारातच मांडव पडले. दुसऱ्या लाटेत, २२ एप्रिल २०२१ पासून, नियम आणखी कडक झाला: पंचवीस माणसं, दोन तास, मोडला तर पन्नास हजारांचा दंड. लग्न असं छोटं करता येतं. देवीला जाणं छोटं करता येत नाही. दार उघडं असलं तर जाता येतं, नाहीतर राहतं. एसटी जिल्ह्याबाहेर धावू लागली ती २० ऑगस्ट २०२० ला, खासगी गाड्यांचा ई-पास सप्टेंबरच्या सुरुवातीला गेला. म्हणजे पाडव्याच्या अडीच महिने आधीच रस्ता मोकळा होता, देऊळ बंद होतं. दरम्यान मंदिरं उघडावीत म्हणून आंदोलनं झाली, ऑक्टोबरात राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांमधला पत्रव्यवहार गाजला. त्या वादात धर्म होता, राजकारण होतं, अर्थकारणही होतं. लग्न होऊन सहा महिने झाले तरी सासरच्या देवाला न गेलेली मुलगी त्यात कुठेच नव्हती.

दार उघडलं ते नियमांसह. मुखपट्टी हवी, मूर्तीला हात लावायचा नाही, प्रसाद-तीर्थ वाटायचं नाही. आणि ६५ वर्षांवरच्यांनी, १० वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बायकांनी घरीच थांबावं.

हा शेवटचा नियम नीट वाचला पाहिजे. माणसं कुलदैवताला केव्हा जातात? लग्न झाल्यावर. दिवस राहावेत म्हणून नवस बोलायला, राहिल्यावर आशीर्वाद मागायला. बाळ झालं की त्याला पायावर घालायला, जावळ काढायला. आणि म्हातारपणी, एकदा शेवटचं डोळे भरून पाहायला. वर्षभरातल्या कोणत्याही दिवशी तुळजापुरात गेलं, तर गर्दीत हेच चेहरे दिसतात. साथीच्या नियमाने नेमके हेच वयाचे आणि अवस्थेचे टप्पे बाजूला काढले. मे २०२० मध्ये लग्न झालेल्या मुलीला पाडव्यापर्यंत दिवस गेलेले असतील, तर तिची वाट पुन्हा बंद. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झालेलं मंदिर २०२१ च्या घटस्थापनेला दुसऱ्यांदा उघडलं, तोवर मूल झालं असेल, तर ते मूल घरी ठेवून जायचं.

नियम चुकीचा होता असं मुळीच नाही. विषाणूने सर्वाधिक बळी वृद्धांचे घेतले, आणि दर्शनरांगेत सहा फूट अंतर कागदावरच राहतं. सौदी अरेबियानेही २०२१ च्या हजसाठी १८ ते ६५ अशी वयोमर्यादा ठेवली होती. प्रश्न वेगळा आहे. बंद दुकानाचं नुकसान मोजायला माप होतं, बुडालेल्या रोजगाराचं होतं, शाळेचं होतं. आज्जीशिवाय कुलाचार करावा लागला, त्याचं माप कुणाकडे नव्हतं, आणि ज्याचं माप नाही ते प्रशासनाच्या लेखी घडतच नाही.

आज्जी घरी राहिली म्हणजे काय झालं, हे समजून घ्यायला हवं. कुलाचार पुस्तकात नसतो. ओटीत काय आधी, काय नंतर. नैवेद्य कुणाच्या हातचा. आपल्या घराण्यात गोंधळ आधी की जागरण, हे सगळं ६५ च्या पुढच्या बाईच्या डोक्यात असतं. ती उंबऱ्यात उभी राहून जोडप्याला निरोप देते, आणि ते पंचविशीतलं जोडपं पुण्या-मुंबईतलं काम सुटून गावी परतलेलं, अर्धं विसरलेलं. पायऱ्यांवर उभं राहून फोन लावून विचारायचं, मुखपट्टीतून बोलायचं, गर्दीत ऐकायचं.

पण याच साथीने एक अनपेक्षित गोष्टही हाती दिली. मेळा घरी राहिला, जोडपं एकटं निघालं. जो दिवस रीतीने त्यांचा म्हणवला जायचा आणि प्रत्यक्षात सासू-नणंदांचा असायचा, तो पहिल्यांदा खरोखर त्या दोघांचा झाला. आधी येडेश्वरीला थांबायचं की परतताना, हे त्यांनीच ठरवायचं. चुकलं तर दोघांचं चुकायचं. अनेक मुलींसाठी सासरच्या घरातला हा पहिला निर्णय असणार, आणि तो साथीमुळे मिळाला हे मान्य करायला संकोच वाटू नये.

तुळजापूरचं पोट या जोड्यांवर भरतं. भोपे आणि पाळीकर पुजारी, कवड्यांच्या माळा आणि ओटीचं सामान विकणारे, गोंधळी, आराधी, लॉजवाले, जीपवाले अशी साखळी आहे. ती आठ महिने थांबली, आणि एप्रिल २०२१ पासून पुन्हा सहा महिने.

७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापना होती. मंदिरं दुसऱ्यांदा उघडली, पण धाराशिव जिल्ह्याची मनःस्थिती वेगळी होती. दहाच दिवसांपूर्वी, सप्टेंबर संपता संपता, गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने तेरणा-मांजरा फुगल्या, पुरात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. ज्या पैशांवर देवीला जायचं, ते पैसे शेतातच वाहून गेले. ज्यांनी दिवाळीनंतरचा बेत केला, त्यांना एसटीचा संप आडवा आला. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत ताणला गेला, आणि जीप भाड्याने घेणं प्रत्येकाला परवडत नाही.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ एप्रिलला, चैत्री पौर्णिमा आली. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा दोन वर्षं भरली नव्हती. त्या यात्रेत भाविक रानात चुनखडी वेचतात. २०२० च्या उन्हाळ्यात लग्न झालेल्या जोडप्यांना आता वेचायला वाकताना कडेवरचं मूल कुणाकडे तरी द्यावं लागणार होतं, आणि या वेळी ते घ्यायला आज्जी सोबत येऊ शकत होती.