चोरून ऐकलेले दुःख

गेल्या पावसाळ्यात चर्चच्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे पाय उशीवर ठेवून पडून राहण्याची डॉक्टरांची आज्ञा झाली. मिस्सा सांभाळायला सहायक धर्मगुरू होते, कचेरीचे काम खुर्चीत बसून उरकत असे. पण रात्री सरता सरत नसत. अशात आमची पुतणी भेटीस आली आणि जाताना आपला टॅब्लेट आमच्या हाती देऊन गेली. त्यात तिने कोरियन मालिका भरून ठेवल्या होत्या. ‘काका, आधी पाहा, मग हसा,’ एवढेच ती म्हणाली.

तिचे बोलणे आम्हांस थोडे लागले, कारण आम्ही खरोखरच हसत आलो होतो. २०२० च्या टाळेबंदीपासून या मालिकांनी आमच्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत बैठक मारली आहे. मुली एकमेकींशी चार कोरियन शब्द बोलतात आणि त्यांच्या आया स्वयंपाक उरकून त्यांच्या शेजारी येऊन बसतात, हे पाहून आम्ही प्रवचनातून एकदोनदा टोमणाही मारला होता. न पाहिलेल्या वस्तूवर प्रवचन करण्याची खोड आम्हां धर्मगुरूंना असते, हे कबूल केले पाहिजे.

आरंभ आम्ही ‘विंटर सोनाटा’ या २००२ सालच्या जुन्या प्रेमकथेपासून केला. वीस भाग. अपघात, स्मृतिभ्रंश, जन्माचे रहस्य, अखेर नायकाची गेलेली दृष्टी. एवढी संकटे एकाच तरुणावर कोसळताना पाहून करुणेपेक्षा आम्हांस लेखकाच्या धाडसाचेच नवल वाटले. नंतरच्या काही प्रेममालिकांत श्रीमंत नायक नायिकेचे मनगट धरून तिला ओढीत नेतो आणि तेच प्रेम म्हणून दाखविले जाते; ते आम्हांस मुळीच रुचले नाही. परंतु हीच ‘विंटर सोनाटा’ २००३ पासून जपानमध्ये दाखविली गेली, तेव्हा तेथील मध्यमवयीन गृहिणींनी ती हृदयाशी धरली. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये नायकाचे काम करणारा बे याँग-जून नारिता विमानतळावर उतरला तेव्हा हजारो स्त्रिया त्याच्या वाटेकडे डोळे लावून उभ्या होत्या. त्यावर पुष्कळांनी थट्टा केली. आम्हांस ती थट्टा आता करवत नाही. या नायकाने गळ्याभोवती मफलर गुंडाळून, आवाज न चढविता, समोरच्या स्त्रीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, हेच त्याचे मोठे कर्तृत्व आहे. ते पाहण्यासाठी इतक्या जणी धावल्या असतील, तर त्यांच्या घरांतून काय उणे होते याचा विचार हसणाऱ्यांनी करावा.

असो. आम्हांस ज्या मालिकेने खरोखर धरून ठेवले ती प्रेमकथा म्हणावी की नाही, यावर तिच्या देशातच वाद झाला. २०१८ साली आलेली, सोळा भागांची ही मालिका पार्क हे-यंग या लेखिकेची. तिच्या कोरियन नावाचा अर्थ साधारण ‘माझे काका’ असा होतो. इंग्रजीत ती ‘माय मिस्टर’ म्हणून ओळखली जाते. पंचेचाळिशीचा अभियंता डोंग-हून आणि त्याच्याच कचेरीत हंगामी काम करणारी एकवीस वर्षांची जी-आन. वयांतील हे अंतर पाहून प्रसारणाच्या वेळी अनेकांनी नापसंती दर्शविली होती. पण दोघांत प्रणय असा घडतच नाही. घडते ते असे, की कर्जाने पिचलेली ही मुलगी पैशांसाठी डोंग-हूनला नोकरीतून घालविण्याचा विडा उचलते आणि त्याच्या फोनमध्ये एक गुप्त यंत्रणा बसवून त्याचे सारे आयुष्य ऐकू लागते. त्याचे भावांशी बोलणे, त्याच्या पत्नीचा दगा, रस्त्याने एकटे चालताना पडणारी पावले, मध्येच सुटणारा सुस्कारा. ऐकता ऐकता ती त्याला बुडविण्याऐवजी सावरू लागते.

या मुलीच्या घरी एक अपंग आजी आहे, जिला ऐकू येत नाही आणि बोलता येत नाही. जी-आन कचेरीतून कॉफीच्या पुड्या चोरते, जेथे भांडी घासते तेथले उरलेले अन्न लपवून आणते. आजीला चंद्र पाहायचा असतो, म्हणून दुकानातली हातगाडी पळवून तिच्यात आजीला बसवून नेते. परतताना पायऱ्यांपाशी डोंग-हून भेटतो आणि काही न विचारता म्हातारीला पाठीवर घेऊन वर पोहोचवितो. पुढे ती आजी वारते. जी-आनला कोणी नातेवाईक नाही; पण डोंग-हूनच्या मोठ्या भावाने जपून ठेवलेले पैसे त्या अंत्यविधीसाठी खर्च होतात आणि सारा मोहल्ला परक्या म्हातारीसाठी दुखवट्याला येऊन बसतो. आम्ही शेकडो प्रेतयात्रांत प्रार्थना म्हटल्या आहेत, तरी त्या रात्री आम्हांस रडू आवरले नाही.

आता जे सांगायचे ते सांगतो. त्याच भागाच्या मध्यावर आमचा फोन वाजला होता. पडद्यावर नाव दिसले: धर्मग्रामातील एक विधवा आजी. मुलगा आखातात, सून त्याच्याजवळ, घरात त्या एकट्या. आम्ही फोन वाजू दिला. सकाळी करू, असे मनाशी म्हटले, सकाळी राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘काही नाही, फादर. तेव्हा बोलावेसे वाटले होते. आता नाही.’

एका म्हातारीच्या खोट्या मरणासाठी आम्ही रडत होतो आणि दुसरी, जिवंत म्हातारी आमच्या उशाशी घंटा वाजवीत होती.

सेमिनरीत शिकलेला संत ऑगस्टिन अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात त्याने आपल्या कार्थेजमधील तारुण्याची कथा सांगितली आहे. नाटकगृहात जाऊन रडणे त्याला फार आवडे. नाटकाने रडविले नाही तर तो रुष्ट होऊन निघून जाई. पुढे त्याने स्वतःलाच विचारले, की ही कसली दया? येथे प्रेक्षकाला कोणी मदतीला बोलावीत नाही, फक्त दुःख करायला बोलावतात. आमच्या बाबतीत तर मदतीला बोलावणेही आले होते.

तरीही ऑगस्टिनशी पूर्ण सहमत होणे आम्हांस जड जाते. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने म्हटले होते, की शोकनाट्य पाहताना भीती आणि करुणा जागतात व त्यांचे विरेचन होते. तेही आम्हांस पुरेसे वाटत नाही, कारण विरेचन झाल्यावर प्रेक्षक हलका होऊन घरी जातो. आम्ही हलके झालो नव्हतो. आमचे अश्रू खोटे नव्हते, असे आमचे आजही मत आहे. प्रश्न अश्रूंच्या खरेपणाचा नाही. ते इतके सोपे कसे झाले, हा आहे.

जी-आनवर माया करणे सोपे आहे, कारण ती एकटी असताना आपण तिला पाहतो. अंधाऱ्या खोलीत ती कॉफी पिते तेव्हा आपण तेथे असतो; मागे संगीत असते; ती उद्धट का वागते याचे कारण आपल्याला आधीच ठाऊक असते. कचेरीतील इतरांना दिसते ती केवळ एक तुसडी, अबोल मुलगी. आम्हांस धर्मग्रामातील माणसे दिसतात ती तशी, बाहेरून. जी आजी दर रविवारी मिस्सेनंतर अडवून त्याच त्या तक्रारी सांगते, तिची अंधारी खोली आम्ही पाहिलेली नाही. म्हणजे प्रेक्षक या नात्याने आम्ही जी-आनच्या जागी आहोत: चोरून सर्व काही ऐकणारे. डोंग-हूनची जागा निराळी. त्याने काहीच ऐकलेले नाही, आणि तरीही तो म्हातारीला पाठीवर घेतो.

येथवर येऊन आम्ही समाधान पावलो असतो, की माणसाचे अंतरंग पूर्ण कळले म्हणजे प्रेम आपोआप उपजते. पण या मालिकेला एक नंतरची कथा आहे, आणि ती आम्हांस पुतणीनेच सांगितली. डोंग-हूनचे काम करणारा ली सन-क्युन २०२३ साली अमली पदार्थांच्या एका चौकशीत सापडला. चाचण्यांत काही निष्पन्न झाले नाही. तरी तीन वेळा त्याला कॅमेऱ्यांच्या गर्दीतून पोलिसांसमोर जावे लागले. शेवटची चौकशी एकोणीस तास चालली. त्याचे खाजगी दूरध्वनी-संभाषण बातम्यांत ऐकविले गेले. २७ डिसेंबर २०२३ रोजी तो सोलमध्ये मृतावस्थेत आढळला. त्याने स्वतःच जीवन संपविले, असे मानले जाते. पुढच्याच महिन्यात दिग्दर्शक बाँग जून-हो आणि इतर कलावंतांनी या साऱ्या प्रकाराची चौकशी व्हावी, अशी जाहीर मागणी केली.

फोन तेथेही ऐकला गेला आणि मालिकेतही. मालिकेत, आपले सारे आयुष्य या मुलीने चोरून ऐकले हे कळल्यावर डोंग-हून रागावत नाही. सगळे ऐकूनही तू माझ्या बाजूने राहिलीस, म्हणून तो तिचे आभार मानतो. जी-आन पैशांसाठीच ऐकू लागली होती हे खरे. पण ऐकता ऐकता त्या माणसाचा भार तिने आपल्या डोक्यावर घेतला. बातम्या ऐकणाऱ्यांवर कसलाच भार नव्हता. त्यांच्यात या मालिकेसाठी रडलेले किती असतील, कोण जाणे. काही असतीलच.

पाय बरा झाल्यावर आम्ही त्या आजींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला, बशीत बिस्किटे मांडली. मग गळक्या कौलांची, शेजारच्या फणसाच्या फांदीची, मुलाने पाठविलेल्या आणि त्यांना न आवडलेल्या पंख्याची हकीकत झाली. या साऱ्या तक्रारी आम्ही रविवारी ऐकलेल्याच होत्या. त्या रात्री काय बोलायचे होते, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा हक्क आम्ही गमावला होता, असे वाटले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तसे आम्ही काठी हाती घेतली. ‘फादर, घाई आहे का?’ त्या म्हणाल्या. आम्ही सहायक फादरांना निरोप धाडला आणि पुन्हा खाली बसलो.