गव्हाणीची नम्रता कोणासाठी?



नाताळचा सण जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून नम्रतेविषयी उपदेश होऊ लागतो. मीही तो पुष्कळ वर्षे केला आहे. मागील नाताळात भंडाऱ्याजवळील शहापूर येथे एका घरी आम्ही रात्रीच्या उपासनेसाठी जमलो होतो. धानाची मळणी आटोपून लोक थकूनभागून आले होते. अंगणात तणस पसरून त्यावर सतरंज्या घातल्या होत्या. मी लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला, आणि प्रभू गव्हाणीत निजला म्हणून आपणही नम्र व्हावे, असा बोध केला. उपासना संपल्यावर एक वृद्ध शेतमजूर जवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, आमचा जनम वाकूनच गेला. आता आनखी किती वाकावं?"

मला उत्तर सुचले नाही. "प्रार्थना करा, बाबा," एवढे बोलून मी त्यांस निरोप दिला. घरी आल्यावर मात्र झोप येईना. ज्याच्या वाडवडिलांस गावच्या विहिरीवर चढू दिले नाही, ज्याने मालकापुढे आणि सावकारापुढे जन्मभर मान खाली घातली, त्यास मी आणखी खाली बस असे सांगत होतो काय? तसे असेल तर ती सुवार्ता कशाची? ते तर जगाने त्यास पूर्वीच सांगून ठेविले आहे.

म्हणून मी तो अध्याय पुन्हा उघडला. शहरातील लोकांस गव्हाण म्हणजे काय हे चित्र दाखवून समजवावे लागते. आपणांस तसे नाही. बैलांच्या कोठ्यातील गव्हाणीस ओल्या वैरणीचा व शेणाचा कसा वास येतो, हे आपण रोज अनुभवितो. आणि कोणतीही आई आपले पहिले लेकरू तेथे हौसेने निजवीत नाही, हेही जाणतो. मरीयेने बाळास तेथे निजविले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. ती दोघे गरीब होती. पुढे मंदिरात त्यांनी पक्ष्यांच्या जोडीचे अर्पण केले. ज्यास कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी नियमशास्त्राने नेमिलेले ते अर्पण होते. ही अडचण त्यांनी निवडली नव्हती. निवड केली होती ती पुत्राने. पौल फिलिप्पै येथील मंडळीस समजावितो ते हेच, की ज्यास सर्व थोरवी होती त्याने ती आपखुशीने बाजूस ठेविली.

तेव्हा एकाच गव्हाणीपाशी दोन गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करून मी चुकलो. आपल्यापाशी असलेले जो प्रीतीने सोडितो त्याची ती नम्रता. ज्याच्यापासून हिरावून घेतले गेले त्याचे ते दैन्य. नम्रता सद्गुण आहे. दैन्य सद्गुण नव्हे, ते दूर करावयाचे दुःख आहे. मेंढपाळांकडे देवदूत आला तेव्हा नम्र व्हा असे त्याने त्यांस सांगितले नाही. भिऊ नका, असे सांगितले. ते उठले, गावात गेले, आणि ज्या बाळापाशी राजवाड्यातील कोणी पोहोचले नव्हते त्याच्यापाशी प्रथम जाऊन उभे राहिले.

बेथलेहेमात प्रभूच्या जन्मस्थानी बांधिलेले पुरातन मंदिर आजही आहे. त्याचे प्रवेशद्वार सुमारे ४ फूट उंचीचे आहे. पूर्वी ते मोठे होते. घोड्यावर बसून कोणी आत शिरू नये म्हणून ते लहान केले, असे सांगतात. त्यास नम्रतेचे द्वार म्हणतात. आपल्या खेड्यांतील कित्येक घरांची दारेही अशीच ठेंगणी असतात. त्या दारी धिप्पाड मनुष्यास वाकावे लागते, घोडेस्वारास उतरावे लागते. परंतु लहान मूल ताठ मानेने आत जाते. दार सर्वांस एकच आहे, पण वाकणे ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे आहे.

याचा एक दाखला आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या लोहमार्गावरचा आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास चालले होते. नागपूर सोडल्यावर ही वाट वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून जाते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. तो राज्यकर्त्यांचा काळ. हे आता आपणांस उठवितील, असे टिळकांस वाटले. परंतु त्यांनी आदराने वागविले, संस्कृत काव्याविषयी गोष्टी केल्या, आणि नवा करार हाती दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचे नाव टिळकांस पुढे कधीच कळले नाही. ज्यास उठविता आले असते, त्याने शेजारी बसवून घेतले. उंची होती, ती त्याने खाली ठेविली.

मग गरिबास नम्रतेची गरजच नाही काय? आहे, कारण ज्यास काहीच उंची नाही असा मनुष्य विरळा. नवऱ्यास बायकोपुढे उंची आहे, सासूस सुनेपुढे आहे. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यास काल बाप्तिस्मा घेतलेल्यापुढे आहे. सोयरीक ठरविताना जुनी जात विचारणारे आपल्यांतही आहेत. आणि उपदेशकास मंडळीपुढे आहे. त्या रात्री अंगणात एकच खुर्ची होती. तीवर मी बसलो होतो. ते वृद्ध बाबा तणसावर बसून ऐकत होते.

पुढे काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो व त्यांच्याजवळ खाली बसलो. म्हटले, "बाबा, माझे बोलणे चुकले. त्या रात्री वाकावयाचे होते ते मी. तुम्हांस प्रभूचा निरोप उठून उभे राहण्याचा आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत चुलीकडे पाहून म्हणाले, "उभा राहीन, गुरुजी. पर घरात सुनेपुढं मले थोडं वाकाच लागते." मी त्यांस शिकविण्यास गेलो होतो, आणि पाठ त्यांनी मला दिला.

प्रिय वाचकहो, या नाताळात दुसऱ्याने किती वाकावे हे सांगण्यापूर्वी आपली खुर्ची कोठे मांडली आहे हे प्रत्येकाने पाहावे. ज्यास ती सापडेल त्याने उठावे. ज्यास आजवर जागाच मिळाली नाही, त्याने भिऊ नये. गव्हाणीपाशी त्याची जागा पहिली आहे.